आप्पासाहेब जेवत नाहीत

"बेडकाला भूक लागायचं औषध हाय का?"

विष्णुपुरीच्या कृषी सेवा केंद्रात अक्षराने हे विचारलं, तेव्हा काउंटरमागच्या दयानंदने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रिमझिमीकडे.

"मॅडम, इथं किडे मारायचं औषध भेटतं. बेडूक तुमचा?"

"मैत्रिणीचा होता... आता माझाच."

सोबत राहणारी दीपमाला लग्न करून पुण्याला गेली, ती "आठ दिवसांत न्यायला येते" म्हणून बेडकाची काचेची पेटी खोलीत ठेवून. तीन आठवडे झाले, आता तर फोनही उचलत नव्हती. बेडूक काय खातो हे सांगायलाही विसरली. बसण्यातला रुबाब बघून अक्षराने त्याचं नाव आप्पासाहेब ठेवलं होतं. उदगीरहून नोकरीसाठी आलेल्या तिच्या खोलीत श्वास घेणारं तेवढंच दुसरं कुणी होतं. तो गेला, तर बोलायला भिंतीच उरणार होत्या.

"घालता काय त्याला?"

"भात. भिजवलेली डाळ. काल दूधपोळी बी दिली."

दयानंदला हसू आवरेना. "बेडूक हाय तो मॅडम, जावाई न्हाई!"

"आमी लिंगायत. आमच्यात अंडं बी चालत न्हाई."

"तुमी लिंगायत. तो थोडाच हाय?"

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो पत्ता विचारत, काडेपेटीत नाकतोडा घेऊन तिच्या खोलीवर आला आणि "येऊ का?" म्हणून दाराबाहेरच थांबला. त्या दारात कित्येक दिवसांत कुणी असं विचारलं नव्हतं.

"त्याला हललेलंच दिसतं," दयानंद म्हणाला. "गप पडलेलं समोर असून बी दिसत न्हाई."

ऑफिसात अक्षराही अशीच गप बसायची, आणि कुणाला दिसायची नाही.

नाकतोडा हलला... आणि गट्टम! अक्षराने डोळे मिटून त्या किड्याची माफी मागितली. दयानंद हसला नाही. तोही क्षणभर हात जोडून उभा राहिला, आणि तिथेच तिचं मन त्याच्यावर जडलं.

मग तो रोज येऊ लागला. पंधराच मिनिटं. बाकीचा दिवस तिला नुसता ढकलावा लागे.

पोळ्याला त्याने दोन दिवस सुट्टी घेतली. अक्षरा स्वतः बांधावर गेली, ओढणीत नाकतोडा धरला, आणि आप्पासाहेबांनी तो तिच्या हातून खाल्ला! ती हरखली, पण क्षणभरच. आता दयानंदचं इथे काय काम?

"खाल्लं का?" परत आल्यावर त्याने विचारलं.

"...न्हाई."

एक खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं. ती सकाळीच पोटभर चारायची, आणि संध्याकाळी आप्पासाहेब दयानंदच्या नाकतोड्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आठवडाभर हे पाहून दयानंदने पेटीच उचलली.

"मरंल इथं. आमच्या विहिरीवर सोडतो."

"ठेवा!" अक्षरा दारात आडवी झाली. "तो जेवतो... सकाळी. मीच घालते."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी यायचं बंद केलं असतं." "मला इथं कुणी न्हाई ओ..."

दयानंदने पेटी हळूच खाली ठेवली.

"घरी जायची भोकरची बस साडेसहाची," तो खाली बघत म्हणाला. "महिना झाला, मी ती धरलीच न्हाई. काळीपिवळी जीपच्या गर्दीत अंग चोरून जाऊन राहिलो."

"बेडकासाठी?"

"बेडकासाठी कोण एवढं करतंय, मॅडम..."

"अक्षरा म्हणा."

तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अक्षरा," तो म्हणाला.

दीपमाला गेल्यापासून या गावात कुणी ते नाव घेतलं नव्हतं. अक्षराला एकदम रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.