पोळीचा मान

काळ्या चिखलात बंडी आसापर्यंत रुतली होती, आणि बंडीवर नवाकोरा डोंगा नदीकडे तोंड करून बसला होता. नत्थूजींनी बैलांना चुचकारलं, शिव्या घातल्या. बैल काही केल्या हलेनात. पदराखाली पुरणपोळी झाकून त्यांची लेक जयवंता शेजारी उभी होती. रुतू दे मेली बंडी, असंच तिच्या मनात होतं. डोंगा पाण्यात उतरला, की बाबा आजच तळेगावच्या स्थळाला होकार द्यायला निघणार होते.

तेवढ्यात मागून जीप आली... आणि जयवंतानं चालवणाऱ्याला लगेच ओळखलं. घनश्याम! नदीच्या मोजणीला आलेल्या साहेबांचा हा ड्रायव्हर हिवाळाभर त्यांच्याबरोबर नत्थूजींच्या जुन्या डोंग्यातून पलीकडे जायचा. साहेब नदी बघायचे, हा वल्हं मारणाऱ्या जयवंताला बघायचा. पुरात तो डोंगा फुटला, आणि घनश्यामही दिसेनासा झाला.

"काऊन थांबले?" तिनं तोऱ्यात विचारलं.

"डोंगा पाहून थांबलो. डोंगेवाली मंग दिसली."

"खोटं!"

"बरं... उलटं समजा."

त्यानं बैल सोडले आणि बंडीचा धुरा जाड दोरानं जीपमागं आवळला. नत्थूजी धास्तावले. "डोंगा फुटन ना बाप्पा!"

"नाई फुटत, काका. पुलगावले आमच्या आज्याचाबी डोंगाच होता. आपण एकाच पाण्यातले."

जीप गुरगुरली, चिखल उडाला तो नेमका जयवंताच्या लुगड्यावर, आणि बंडी हलली.

"हळू चालवा! डोंगा हाय, कापसाचं बोजं नाई!"

"तुमी जवळ बसा ना, हळूच चालते मंग."

आणि ती खरंच जीपमध्ये जाऊन बसली! नत्थूजी बैलांचा कासरा धरून मागून बघतच राहिले.

काठावर गाव जमलं, नारळ फुटला, डोंगा पाण्यात उतरला. आता फक्त रीत उरली. डोंगा ओढून आणणाऱ्या बैलाला घरच्या लेकीनं हातानं पोळी भरवायची. ती खाल्लेला बैल कधी विकायचा नाही, तो जन्माचा घरचा.

नत्थूजींनी बैलांकडे बोट दाखवलं.

"यायनं कुठं ओढला, बाबा?" जयवंता म्हणाली. "रीत म्हणजे रीत!"

ती थेट घनश्यामसमोर गेली आणि घास त्याच्या ओठांशी नेला.

"ही पोळी खाल्ली तं काय होते, मालूम हाय ना?"

"मालूम हाय. नवा डोंगा आज निघते म्हून बाजारात आयकलं," तो हळूच म्हणाला, "तवापासून उपाशी पोटी याच रस्त्यानं फेऱ्या मारून राह्यलो."

म्हणजे वाट चुकून आला नव्हता तर! जयवंताचा चेहरा आनंदानं फुलला. घनश्यामनं सगळ्यांदेखत घास घेतला.

नत्थूजींनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा जीपकडे. मग चिखलानं भरलेलं धोतर झटकत म्हणाले, "तळेगाववाल्यायले सांगा लागन मंग... घरचाच भेटला म्हून."

जयवंतानं उरलेली पोळी दुमडली आणि सगळीच्या सगळी घनश्यामच्या तोंडात कोंबली.