शेपूट येईपर्यंत

काम तसं काहीच नव्हतं. डोंगरात जायचं, एका फाट्याचे मावळतीचे चार फोटो काढायचे, पुढचा रस्ता उघडा आहे का बघायचं आणि परत यायचं. तुम्ही लोक रेकी म्हणता ना, तीच. गेला होता माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, तेव्हा ऐकीव नाही सांगत मी. नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार होता, गेल्याच्या गेल्या वर्षीचा.

आणि तुझा नकाशा काढून झाला असेल तर तो फोन आधी उलटा ठेव. उजेड तोंडावर पडला की तूच भुतासारखा दिसतोस, मग मी वेगळं काय सांगू?

हं. आधी त्यांच्या ग्रुपची पद्धत ऐका. सातजण होते, सात मोटरसायकली. सगळ्यात पुढे कप्तान, कारण रस्ता त्याला माहीत. सगळ्यात मागे माझा भाचा, म्हणून त्याचं नावच शेपूट पडलं होतं. डोंगरात एकाला दुसरा दिसत नाही, फोन लागत नाही. म्हणून जिथे रस्ता फुटेल तिथे कप्तानाच्या पाठचा जो असेल त्यानं गाडी कडेला लावायची आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात आडवा धरून दाखवायचं, इकडे वळ. शेवटी शेपूट आला, त्यानं हात वर केला, की हा सुटला. शेपूट येईपर्यंत हलायचं नाही. पाऊस पडो, गारा पडोत, हलायचं नाही.

हे थांबायचं काम बहुतेक एकाच माणसाकडे यायचं. त्याला खांब म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की हा ताटावरून उठायचा, आणि त्याला बाहेर काढल्याशिवाय पुन्हा ताटावर बसायचा नाही. असा माणूस. आमच्याच गल्लीत राहायचा. बायको शाळेचे गणवेश शिवते, एक मुलगी आहे.

कप्तानाचं चष्म्याचं दुकान. बोलणं म्हणाल तर साखर. प्रत्येक सहलीचं वर्णन लिहायचा, फोटो टाकायचा, कुठे वळा, कुठे थांबा, कुठून दरी सुंदर दिसते, सगळं नकाशासकट. हजारो लोक वाचायचे. तुम्हीही वाचलं असेल, नाव सांगणार नाही. माझा भाचा तर त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. मी म्हणायचो, अरे, तो उडी मार म्हणाला तर मारशील का? तर हसायचा. म्हणायचा, मामा, किती खोल ते विचारून मारीन.

तर त्या शनिवारच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, सगळे त्या डोंगरात गेले. खाली पायथ्याशी शेपटाची गाडी पंक्चर झाली. बाकीचे पुढे गेले. वर फाट्यावर खांब थांबला, नेहमीसारखा. पाच गाड्या डावीकडे मुक्कामाच्या लॉजच्या रस्त्याला लागल्या. मग ढग उतरले. मग पाऊस. मग बर्फाचा भुगा.

पंक्चर निघेपर्यंत अंधार पडला. तेवढ्यात कप्तानाचा लॉजवरून फोन. "वर कशाला येतोस मरायला? खालच्या रस्त्यानं ये, सरळ लॉजवर निघतो. खांबाला मी निरोप देतो."

भाचा खालून गेला. पोचला. विचारलं, खांब कुठाय? कप्तान म्हणाला, "निरोप दिलाय. येईल मागाहून." बाहेर कप्तानाची गाडी उभी होती. सीटवर पाण्याचं तळं, त्यावर बर्फ. म्हणजे ती गाडी तासन्‌तास हललेली नव्हती, आणि वर फोन तर लागतच नाही. भाच्याला ते दिसलं. दिसलं, आणि तो आत जाऊन जेवला. गरम पाण्यानं आंघोळ केली आणि झोपला.

सकाळी खांब फाट्यावर सापडला. गाडीला टेकून बसलेला. थंडीनं गेला होता.

काय म्हणालास? निघून का नाही गेला? अरे, तोच तर प्रश्न. नियम म्हणून थांबला असता तर दोन तास थांबला असता, चार तास थांबला असता. पण फाट्यावरून उजवीकडे जो रस्ता जातो, त्यावरचा पूल त्या साली वाहून गेला होता आणि तिथे पाटी नव्हती. ढगात शेपूट चुकून उजवीकडे वळला असता तर सरळ दरीत. त्याला वाटलं असणार, मी हललो आणि तो आला तर? माझ्या भाच्यासाठी मेला तो माणूस. आणि माझा भाचा तेव्हा दोन गोधड्या घेऊन घोरत होता. मला बोलताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

आता पुढचं ऐका. कप्तानानं वर्णन लिहिलं. डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं मेल्यानं. काय लिहिलं? तर, आमच्या लाडक्या मित्राला निघायचा निरोप पोचवला होता, पण फोटोच्या हौसेपायी तो एकटाच मागे राहिला. झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. हजार लोकांनी हात जोडले. तेराव्या दिवशी वहिनींनी, म्हणजे खांबाच्या बायकोनं, भाच्याला घरी बोलावलं. जेवायला वाढलं. विचारलं, "भाऊजी, तुम्ही खोटं बोलणार नाही. खरंच निरोप पोचला होता त्यांना?"

भाचा म्हणाला, "हो वहिनी."

त्या बाईनं संध्याकाळी नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला. माझ्या बायकोला म्हणाली, चार फोटोंसाठी मला आणि पोरीला टाकून गेला, आता त्याचं तोंड कशाला बघू? गेलेल्या माणसावर इतका राग मी कोणाचा पाहिला नाही. मुलीनं बाबांचं नाव काढलं तरी उठून मशीनवर जाऊन बसायची.

आणि वर्ष उलटल्यावर कप्तान त्याच रस्त्याची नवी सहल आखायला बसला. नकाशावर त्या फाट्यापाशी त्यानं कॅमेऱ्याचं चिन्ह टाकलं. 'इथे थांबा. मावळती सुंदर दिसते.' भाचा म्हणाला, अरे, तिथे आपला खांब गेला रे. तर हा म्हणतो, "म्हणूनच. त्याची आठवण राहील. तू जाऊन चांगले फोटो घेऊन ये." आणि हा गेला! याला काय म्हणायचं?

तारीख-बिरीख काही जुळलेली नव्हती, अमावास्याही नव्हती. तो शनिवार होता, एवढंच. मावळतीला फाट्याच्या अलीकडे पोचला तर मावळती नाहीच, ढग खाली आलेले. साडेसहालाच काळोख. म्हणाला, आलोच आहे तर पाटी लागली का तेवढं बघू आणि फिरू.

वळण घेतलं. दिव्याचा उजेड पुढे पडला.

आडवा धरलेला एक हात दिसला.

डावीकडे दाखवणारा.

भाच्याला आधी काही वाटलंच नाही. सवय, दुसरं काय. चार-पाच वर्षं प्रत्येक फाट्यावर तोच हात बघितलेला. त्यानं गाडी हळू केली. मग त्याच्या लक्षात आलं... गाडी आपोआप बंद पडली. की त्यानंच केली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"आलास?"

आवाज नेहमीचा. थोडा बसलेला. सर्दी झाल्यासारखा.

"पंक्चर होतं ना? मला वाटलंच."

"हो..."

"उजवीकडे जाऊ नकोस. पूल नाहीये."

"हो."

"मागे कोणी आहे?"

"नाही... कोणी नाही."

"मग हात कर ना वर. मी सुटू कसा?"

भाच्याचा हात उठेना. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली. काही दिसेना. काच वर करायची हिंमत होईना. म्हणाला, मामा, थंडी अशी येत होती त्याच्या बाजूनं... जसं कोणी दार उघडं टाकलंय.

"इतका वेळ का रे लागला?"

...

"अरे, बोल की. पडलास-बिडलास का कुठे? मी काळजीत होतो."

काळजीत होतो म्हणाला. तिथे माझा भाचा फुटला. म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो. पण काळजीत होतो म्हणाला.

"कप्तान म्हणाला खालून ये. तुला निरोप देतो म्हणाला."

"निरोप नाही आला."

"माहीत आहे."

"तुला... माहीत होतं?"

...

"कधीपासून?"

...

"कधीपासून रे?"

"त्याच रात्री."

वारा नव्हता. नुसतं ढगाचं पाणी टपटपत होतं.

"आणि घरी काय सांगितलंत?"

भाच्यानं सांगितलं. सगळं. फोटोची हौस. वहिनींचा प्रश्न. आपलं उत्तर.

आडवा धरलेला हात खाली आला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दिवा नाही. नुसता आवाज. डावीकडे लॉजला गेली नाही. उजवीकडे नाही. भाच्याच्या अगदी अंगावरून गेली... आणि ज्या रस्त्यानं हा आला होता, त्या रस्त्यानं खाली उतरली.

शहराकडे.

भाच्याच्या डोक्यात एकच. कप्तान! हा आता कप्तानाला सोडत नाही. फोन काढला, रेंज नाही. गाडी वळवली आणि जो सुटला... रात्रभर. वाटेत रेंज आली तर कप्तानाचा फोन बंद. पहाटे पाचला त्याच्या दारात. बेल दाबतोय, दार वाजवतोय.

दार उघडलं. समोर कप्तान. डोळे चोळत, ठणठणीत.

"काय रे? फोटो मिळाले?"

भाच्याला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. कप्तान ऐकत होता. हसला नाही की घाबरला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय?

"वहिनीला तर नाही ना सांगितलंस?"

तेवढंच. खांब भेटला म्हणतोय हा, आणि याला काळजी कशाची? मला विचाराल तर त्या रात्री खरं भूत बघितलं ते त्या दारात. वर्षानुवर्षं ज्याच्या शब्दावर डोंगर पालथे घातले, तो माणूस माझ्या भाच्याला पहिल्यांदा नीट दिसला. चष्मेवाल्याला ओळखायला इतकी वर्षं लागली!

आणि त्या प्रश्नासरशी भाच्याच्या डोक्यात लखकन उजेड पडला. खांब इकडे येणारच नव्हता. सुटलेला माणूस कुठे जातो? घरी जातो.

आमच्या गल्लीत आला तेव्हा नुकतं फटफटत होतं. वहिनींचं फाटक सताड उघडं. आत दिवा. पायरीवर वहिनी बसलेल्या, हात मांडीवर. रडून रडून चेहरा सुजलेला, पण शांत. मागे भिंतीवर खांबाचा फोटो. लावलेला.

हा फाटकातच थांबला.

"आत्ताच गेले," वहिनी म्हणाल्या.

...

"रात्रभर बसले होते."

"वहिनी, मी..."

"भाऊजी, मी तुम्हाला जेवायला वाढलं होतं. कप्तानाचं सोडा, तो परका. तुम्हाला मी विचारलं होतं. तुम्ही माझ्या ताटातला घास हातात धरून हो म्हणालात. वर्षभर मी माझ्या नवऱ्याला शिव्या दिल्या. पोरीला देऊ दिल्या."



"जा आता," म्हणाल्या. "पुन्हा या दारात येऊ नका."

तिथून तो सरळ माझ्याकडे आला. ह्याच खुर्चीत बसून त्यानं मला सगळं सांगितलं. त्यानंतर त्यानं गाडी विकली. गावही सोडलं. कप्तान? कप्तानाला काय धाड भरलीय? मजेत आहे. नकाशे काढतो, लोक वाचतात. फाट्यावरचं ते कॅमेऱ्याचं चिन्ह अजून तसंच आहे. वहिनींनी चारचौघांत खरं काय ते सांगितलं, तर म्हणतो, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तुम्हीही तेच म्हणाल. भाच्यानं स्वप्न बघितलं, अपराधी मन, आणि बाई दुःखानं खुळावली. म्हणा. मीही तेच म्हटलं असतं.

पण त्याच सकाळी माझी बायको वहिनींना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. हात दाखवायला. डॉक्टरनं उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, बर्फात हात घातला होता का? आपल्या गावात, जिथे नोव्हेंबरात पंखा लागतो! कातडी थंडीनं जळली होती म्हणाला. मागच्या आठवड्यात मी वहिनींकडे पॅन्ट आखूड करायला दिली, ती परत देताना मी नीट बघितलं. उजव्या हाताच्या पाठीवर चार आडवे पट्टे आहेत, पांढरेफटक. पुरुषाच्या बोटांएवढे रुंद. आणि तळव्याच्या बाजूला, एक अंगठा.