विकायच्या घरातली आंघोळ

बेल वाजली तेव्हा गायत्रीच्या केसांतून पाणी निथळत होतं. गिऱ्हाईक तर संध्याकाळी यायचं होतं! केस टॉवेलात गुंडाळून तिनं घाबरतच दार उघडलं. समोर एक उंच तरुण, उन्हानं लाल झालेला.

"लवकर आलो, माफ करा. हजीऱ्याहून बस पटकन मिळाली," तो गुजरातीत म्हणाला. मग टॉवेलाकडे बघून गडबडला. "घर... तुमचंच ना?"

नाही म्हणावं, तर ही आंघोळ कसली?

"हो..." ती बोलून गेली.

इमारत सुरतच्या नानपुऱ्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मालकानं घर आतून नवंकोरं करून विकायला काढलं होतं. सागवानी दारं चकाकत होती, जुनी रंगीत फरशी तशीच ठेवली होती. आणि बाथरूममध्ये शॉवर! गायत्री दलालाच्या ऑफिसात कामाला, म्हणून चावी तिच्याकडे. लिंबायतला तिच्या चाळीत सगळ्यांना मिळून एक न्हाणी, तिच्या दाराला कडी नाही. एका दुपारी तिनं इथला नळ नुसता उघडून पाहिला होता... मग रोजच.

"एवढं देखणं घर विकवतं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"एकटीला मोठं होतं."

"एकटी?" तो इतक्या आनंदानं म्हणाला, की दोघंही लाजली.

स्वयंपाकघरात अंधार होता. दिवा लावायला गायत्रीनं एकेक करत सगळी बटणं दाबली. आधी पंखा फिरला, मग शेगडीवरची धूर ओढणारी चिमणी घरघरली... तो बंद खिडकीकडे तोंड करून हसू दाबत राहिला. मग त्यानं फोन लावला, "माय, घर भलतं भारी शे वं!"

"खान्देशी?" तिच्या तोंडून निघालंच.

"पारोळ्याचे. मी योगेंद्र. आई इथं जवळच, चलथाणला असते. तुम्ही?"

"अमळनेरकडची... गायत्री." तेवढंच खरं बोलली ती.

रविवारी योगेंद्र आईला, मालतीबाईंना घेऊन आला. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं गायत्रीनं ठरवलं होतं. पण तिचे शेठ हसमुखभाईही आले.

"ही आमच्या ऑफिसातली गायत्री. ही दाखवेल घर."

गायत्रीला मान वर करवेना. तेवढ्यात बाथरूममधून शेठ ओरडले, "आ टुवाल कोनो छे?" त्यांच्या हातात तिचा टॉवेल लोंबत होता. "जिना झाडणाऱ्या अनुसयाचेच हे धंदे! उद्यापासून तिला बंद!"

दाराबाहेर झाडूचा आवाज थांबला. अनुसयाबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "नाही हो शेठ... मी तर आतही येत नाही..."

गायत्रीचे कान तापले. गप्प राहिलं असतं तर चालून गेलं असतं.

"टॉवेल माझा आहे," ती म्हणाली. "मी आंघोळ करते इथं. आमच्या न्हाणीला कडी नाही... म्हणून." तेही योगेंद्रसमोर, त्याच्या आईसमोर!

शेठनी नुसता हात पुढे केला. तिनं चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि धावतच जिना उतरली.

खाली फाटकाशी योगेंद्रनं तिला गाठलं. "गायत्री, थांबा ना."

"खोटं बोलले मी तुमच्याशी. घर माझं नव्हतं."

"माहीत होतं."

"कधीपासून?"

"चिमणी घरघरली तेव्हापासून. स्वतःच्या घरात कुणी दिवा असा शोधतं?"

"मग... परत कशाला आलात?"

"आईला घर दाखवायला," तो थांबला. "आणि तुम्हाला आई दाखवायला."

तिनं ओंजळीत तोंड लपवलं. "माझ्याकडे बघू नका. लाज वाटतेय मला."

योगेंद्र खरंच वळला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "नाही बघत. पण सांगतो. तुम्ही मला आवडता. त्या दिवशीच आवडलात... आज जास्त. तुम्ही म्हणाल तेव्हाच वळेन. नाही म्हणालात तर..."

"तर?"

"तर इथंच उभा. हजीऱ्याच्या नोकरीला खाडा."

वरच्या गॅलरीतून मालतीबाई वाकल्या. "माले हाऊ जिना नही जमत, पोऱ्या! आनि भिंतसंगे काय बोली ऱ्हायना रे?"

गायत्रीला रडता रडता हसू फुटलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, केस सारखे केले. लाज अजून होतीच; पण आता तिच्यामागे लपावंसं वाटत नव्हतं.

"वळा," ती हळूच म्हणाली.