जमिनीखालचं काम

सालेकसाच्या जंगलाकडेला मंजूचं घर आहे. कुण्या हौशी लाकूड-ठेकेदाराने बांधलेलं. दगडी खांबांवर उचललेली लाकडी जमीन, तिच्याखाली माणूस सरपटेल एवढी पोकळी. नवरा गेल्यावर मंजूने तिथे पाहुण्यांना खोल्या द्यायचं ठरवलं. गोंदियाहून आलेल्या ओमेश इंजिनिअरने अटी सांगितल्या: खालच्या मातीवर जाड प्लास्टिक, तुळयांमध्ये ग्लासवूल म्हणजे काचेचा कापूस, झरोके उघडे आणि आत शिरायला झडप. थंडी-ओल वर यायला नको. तरच परवाना. नाहीतर कमाई नाही, आणि घर दीर योगराजच्या घशात जाणार, हे मंजूला स्वच्छ दिसत होतं.

योगराजने गावभर पसरवून ठेवलं होतं की खाली कोणीतरी राहतं. रीत मात्र त्याच्याही आधीची. नव्या धानाचे मूठभर तांदूळ झरोक्यातून खाली टाकायचे नि पोकळीत पाऊल घालायचं नाही. मंजू तांदूळ दरवर्षी टाकायची. योगराज हसायचा.

मजूर पतिराम अर्धं काम टाकून बाहेर आला.

"नाई जात बाई मी. कोनं तरी माहा पाय धरला."

"उंदीर असन."

"उंदराले बोटं रायतात का?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस! उद्या तपासणी होती. मंजूने नवऱ्याची जुनी पँट चढवली, तोंडाला फडकं बांधलं आणि भर दुपारी स्वतःच आत शिरली.

आत जुन्या मातीचा, कुबट मोहफुलांचा वास होता. उताणी पडून ती तुळयांमध्ये ग्लासवूल कोंबत गेली. काचेच्या कुसांनी हातांची आग झाली. शेवटच्या कोपऱ्याशी खांदा अडकला. तिथे वीतभरच जागा होती. आणि त्याच कोपऱ्यातून प्लास्टिक वाजलं. खस... खस...

मंजू घाबरली. चांगलीच घाबरली. पण त्याहून जास्त तिला संताप आला.

"माह्या हातचे तांदूळ खाल्ले ना... मंग मलेच भेव कायले दावून रायला? माहं घर गेलं तं तुहंही जाईन. काम कर!"

तिने उरलेला गठ्ठा अंधारात ढकलला. पलीकडून कोणीतरी तो हळूच ओढून घेतला.

सकाळी ओमेश टॉर्च घेऊन खाली जाऊन आला.

"काम एकदम बढिया. पन त्या कोपऱ्यात कोन शिरलं होतं? तिथं माहा हातही नाही जात."

"घरचंच मानूस," मंजू म्हणाली.

"साहेब, भुताचं घर हाय, परवाना देऊ नका," तपासणी बघायला ओसरीवर येऊन उभा राहिलेला योगराज घोटा खाजवत म्हणाला. मंजूने पाहिलं. त्याच्या घोट्यावर चार बोटं नि अंगठा लालभडक उठले होते, त्यावर काचेची बारीक कुसं चमकत होती. योगराज जन्मात कधी खाली उतरला नव्हता.

"खाजवू नका भाऊजी," ती म्हणाली. "पसरते."

योगराजने हात काढला. खाजवण्याचा आवाज मात्र चालूच राहिला, त्याच्या पायांखालच्या फळीच्या खालून.