मेथीच्या डब्यातली गार

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी तिच्यात पांढरी साडी, उलटे पाय आणि एक पिंपळ घातला असता. तुम्हाला तेच आवडतं, मला माहीत आहे. या पेजवरच्या गोष्टी मी भाजी निवडताना वाचते. निम्म्या गोष्टींत भूत रात्री बाराच्या ठोक्याला येतं. जशी काही त्यालाही ड्युटी लागलेली असते.

आमच्याकडे ते दुपारी आलं.

खंडेनवमीला. लख्ख उन्हात.

गाव रानशेत, तालुका डहाणू. मागच्या वर्षीची गोष्ट.

आधी मामंजींबद्दल सांगते. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं शिरतात, म्हणून रीतसर परवाना काढलेली. टोपीवाली नव्हे, त्याच्याही आधीची. गारेची.

तिचं काम असं. बंदुकीच्या घोड्याला जबडा असतो. त्या जबड्यात गारेचा, म्हणजे गारगोटीचा, दगड आवळायचा. चाप ओढला की घोडा पडतो, गार पोलादी झाकणीवर घासते, झाकणी उघडते आणि ठिणगी खालच्या छोट्या वाटीतल्या काळ्या पुडीवर पडते. तिथून आग नळीत. संपलं.

सगळा खेळ गारेच्या धारेचा. धार गेली की ठिणगी नाही.

ही धार घासून लागत नाही. पितळेच्या सळीने कडेवर खालून हलकं टोकायचं. बारीक कपची उडते. मग फुंकर मारून बघायचं.

मामंजी पायरीवर बसून हेच करत.

टिक... टिक... फू...

आणि मग नाकातून एक "हं."

तो "हं" मी विसरणार नाही. तुच्छता म्हणजे काय, हे मला शाळेत कळलं नाही, त्या "हं"मधून कळलं. माझ्या आमटीला "हं." माझ्या नवऱ्याच्या, मोहनच्या, रेल्वेतल्या नोकरीला "हं." सासूबाईंच्या दुखण्याला तर रोजच. "बोथट" ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा हा माणूस पायरीवर गार टोकत होता. मेल्यावर माणूस आपोआप चांगला होतो, असं मला वाटत नाही. लोकांना का वाटतं, देव जाणे.

पण त्या घरात एक रीत चांगली होती.

बंदूक खुंटीला टांगायची तर गार काढायची आणि जबड्यात लाकडाची चिपटी घालायची. काढलेली गार घरातल्या बाईकडे द्यायची. प्यालेला, चिडलेला पुरुष बंदूक उचलेल. पण गार मागायला त्याला चुलीपाशीच यावं लागेल. बाई नाही म्हणाली, की नाही.

सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात ती गार कनवटीतून काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सुधा, धार बघून देत जा."

मला वाटलं, गारेची धार. त्यांना माणसाची म्हणायची होती की काय, ते विचारायचं राहून गेलं.

मी ती मेथीच्या डब्यात ठेवली. आमच्या घरातला एकही पुरुष मेथीचा डबा उघडत नाही.

मामंजी गेले ते भात कापणीच्या दिवसांत. राखणीवरून आले, पायरीवर बसले, गेले. बंदूक मांडीवर तशीच. धाकट्या मुलाने, सुदर्शन भाऊजींनी, गार काढून माझ्याकडे दिली, जबड्यात चिपटी घातली आणि बंदूक टांगली. चिपटी घातली म्हणजे बंदूक रिकामी, असं त्या घरातल्या पुरुषांचं ठाम मत. अहो, चिपटी म्हणजे फक्त झोपलेली! पोटात काय आहे ते चिपटीला काय ठाऊक?

परवाना मामंजींच्या नावाचा, म्हणजे ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला हवी होती. केली नाही. भाऊजी तलासरीला सरकारी खात्यात आहेत. नियम दुसऱ्यांना सांगून थकतात, स्वतःला सांगायला ताकद उरत नाही.

मग त्यांनी रानशेतला फार्महाउस बांधलं. चकचकीत लादी, जाड सोफा, आणि सोफ्याच्या वर ती बंदूक. ॲन्टिक म्हणे! सुरत-मुंबईचे पाहुणे येतात, तिच्याखाली फोटो काढतात, शेव खातात, जातात.

"वहिनी, जबड्यात लाकूड बरं नाही दिसत हो. ती गार द्या ना."

"नाही."

"अहो, दगडच तर आहे!"

"मग ओढ्यातला उचला की."

भाऊजी हसले. मला वाटलं, विषय संपला.

एके दिवशी मी बाजारातून बोंबील घेऊन आले, तर ओट्यावर मेथी सांडलेली. मोहनराव पेपर वाचत होते. उलटा नव्हता, एवढंच.

"भाऊ आहे माझा, सुधा. शोभेला हवी होती त्याला."

"डबा तरी लावायचा होतात."

तेवढंच मी बोलले.

दसऱ्याला श्रुतिकाचा साखरपुडा ठरला. श्रुतिका भाऊजींची मुलगी. आई-वडील दोघं नोकरीवाले, म्हणून दहावीपर्यंत माझ्याकडेच वाढली. माझ्या ताटातली भाकरी ओढून खाणारी पोर. नवरा मुलगा नविन, तलासरीचाच. साखरपुडा फार्महाउसवर. मी आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, मदतीला गेले.

दुपारी सगळे खरेदीला चारोटीला गेले. घरात मी एकटी. ओट्यावर नारळ खवत होते. बाहेर वारा नाही, पान हलत नाही. कोंबडी ओरडत नाही.

आणि हॉलमधून...

टिक...

माझा हात थांबला.

टिक...

पाल असेल, म्हटलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

फू...

पाल फुंकर मारत नाही.

"हं."

खवणी पालथी झाली. मी हॉलमध्ये गेले. कुणी नाही. पंखा बंद. बंदूक भिंतीवर. पण हवेत वास होता. गार पोलादावर घासली की येतो तो, केस जळल्यासारखा. त्या घरात तो येण्याचं काहीच कारण नव्हतं.

खाली बघितलं. सोफ्यावर, चकचकीत लादीवर, बारीक कपच्या. ताज्या. मी एक उचलली तर बोट चिरलं. रक्त आलं.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्याआधी राग आला. उद्या नातीचा साखरपुडा, आणि हा माणूस मेल्यावरही धार लावत बसलाय!

"मामंजी, पुरे," मी भिंतीकडे बघून म्हणाले.

"हं."

कानाशी. अगदी कानाशी... गरम श्वासासकट.

मी सोफ्यावर चढून गार काढायला गेले. गारेकडे बघायची शुद्ध कुठे होती? जबड्याचा स्क्रू गच्च. हलेना. तेवढ्यात गाडी आली. पिशव्या, हसणं, फरसाणाचा वास.

"भाऊजी, आधी ती गार काढा. आणि नळीत गज घालून बघा, काही आहे का."

"वहिनी, सहा वर्षं लटकतंय ते! आत झुरळ असेल फार तर."

"मग झुरळ बघा."

"तुम्ही पण ना! हॉरर पेजेस वाचायची बंद करा."

श्रुतिकाने माझं बोट बघितलं आणि मला नळाशी पिटाळलं. "काकू, रक्त येतंय, धुऊन ये आधी." मी गेले. नळाची धार थंड होती. बाहेर ते शस्त्रपूजेसाठी बंदूक काढत होते. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग श्रुतिकाचं हसणं ऐकू आलं.

"पप्पा, जरा रागीट चेहरा! मी म्हणते, मी नविनशीच लग्न करणार. मग तुम्ही गन रोखा."

रील करत होते.

मी ओल्या हातांनी धावले. दारात पोचले तेव्हा मोबाइल स्टँडवर होता. श्रुतिका भिंतीशी उभी. नळी तिच्या छातीवर. भाऊजींनी घोडा मागे ओढलेला.

मला ओरडायचं होतं...



खट्.

घोडा पडला. झाकणी उघडली.

ठिणगी नाही.

"अरे, फुसका बार!" भाऊजी हसले. श्रुतिकाही हसली. मी मात्र उघड्या झाकणीखाली बघत होते.

वाटीत काळी पूड होती. कोरडी. भरलेली.

मी बंदूक त्यांच्या हातातून हिसकली. गज नळीत घातला. पूर्ण आत गेला नाही. वीतभर बाहेरच उभा राहिला. म्हणजे नळी ठासलेली होती.

गजाला टोकाशी स्क्रू असतो. मामंजींना हजारदा बघितलंय, हातांना ते आठवलं. आधी चिंधी निघाली. मग मोडक्या खिळ्यांचे तुकडे. मग दारू. ती मी मागच्या अंगणात फरशीवर ओतली आणि दुरून पेटती काडी टाकली.

भस्स!

पांढरा धूर चिकूच्या झाडांपर्यंत गेला. भाऊजी मिठाईचा खोका पोटाशी धरून उभे होते. सरकारी माणसाचा चेहरा इतका रिकामा मी पहिल्यांदाच बघितला. श्रुतिका माझ्या कुशीत शिरली. लहानपणी ताप आल्यावर शिरायची, तशी.

मग मी गारेकडे बघितलं.

माझ्या डब्यातून गेली तेव्हा तिच्यावर केस कापता आला असता. आता तिची कडच नव्हती. सगळीकडून टोकून, मोडून... सुपारीसारखी गोल.

धार लावत नव्हते ते.

जन्मभर जगाला बोथट म्हणून हिणवणाऱ्या माणसाने नातीसाठी स्वतःच्या हाताने गार बोथट केली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सासूबाई आठवल्या, आणि मी ते पदराने पुसलं. एवढ्या स्वस्तात नाही सोडणार मी.

बंदूक त्याच संध्याकाळी ठाण्यात गेली. साखरपुडा झाला, पुढे लग्नही झालं. गार मी परत मेथीच्या डब्यात ठेवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण गेल्या महिन्यापासून दुपारी, मोहनराव ड्युटीवर असताना, ओट्यावरून आवाज येतो.

टिक... टिक... फू...

आता मी मेथी चाळणीने चाळून घेते. दर वेळी कपच्या निघतात. काल गार बाहेर काढून बघितली. सुपारीला एका बाजूने कड आली होती. बोट लावलं नाही. नुसती उन्हात धरली तरी कळलं.

बंदूक ठाण्यात. मग धार कशासाठी?

आज सकाळी तलासरीहून श्रुतिकाचा फोन आला. आवाज बारीक होता.

"काकू, यांच्या हॉलमध्ये पण एक तशीच जुनी बंदूक आहे गं. जबडा रिकामा आहे. माझे सासरे विचारतायत, आपल्याकडची ती गार मिळेल का? शोभेला हवी आहे म्हणे."

म्हणजे तिकडेही एक सुदर्शन आहेच.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

तिने तिकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "काकू... गार माझ्याकडे राहील ना? बाईकडे?"

तिला काय झालंय, ते तिने सांगितलं नाही. मी उद्याच्या सकाळच्या गाडीने तिच्याकडे जाते आहे. गार न्यायची की नाही, ते ठरत नाही.

फोन ठेवला आणि डब्यातून आवाज आला.

टिक... टिक... फू...

मी "हं"ची वाट बघत उभी राहिले.

तो आला नाही. नातीच्या प्रश्नाला त्यांनी बोथट म्हटलं नव्हतं.