गुळगुळीत पातं

आमच्या प्रयोगशाळेत जहाजाच्या पंख्याचं पितळी मॉडेल काचेच्या खिडकीआड पाण्यात फिरतं. उघडझाप करणाऱ्या दिव्यात ते थिजल्यासारखं दिसतं, आणि पात्यांवर बुडबुडे कुठे उठतात ते मी टिपते. हे बुडबुडे फुटले की खरं पातं झिजतं, जहाज थरथरतं. पण छोटं पातं फार गुळगुळीत असलं तर लबाडी करतं, बुडबुडे दाखवतच नाही. म्हणून त्याच्या कडेला मिठाहून बारीक कण चिकटवायचे.

या खेपेचं मॉडेल माझ्या धाकट्या भावाच्या जहाजाचं होतं. तो तिथे इंजिनवर आहे. रोज फोनवर एकच रडगाणं.

"ताई, दात वाजतात गं नुसते. कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. तुझ्या त्या खेळण्याला विचार ना काहीतरी."

"विचारते, राजा."

कण लावताच एका पात्यावर बुडबुड्यांचा पांढरा पट्टा उठला. दोष सापडला होता. खात्रीसाठी कण पुसून पुन्हा पाहिलं, तर पट्टा गायब. तेवढ्यात त्याचा फोन. "ताई, थरथर थांबली!"

योगायोग, मी म्हटलं. दुपारी पुन्हा कण लावले, तर हा फोनवर करवादला, "परत सुरू झालं बघ."

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

साहेबांना मोजमाप कणांसकटच हवं होतं. पण भावाचा तो थकलेला, पोरकट आवाज ऐकून माझा जीव तुटत होता. खड्ड्यात गेलं मोजमाप. सकाळी मॉडेल बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, आणि मऊ फडक्यानं एकूणएक पातं चोळून लख्ख करायला लागले. फोन शेजारी चालूच होता.

"ताई, जहाजाला खालून कुणीतरी हात फिरवतंय," तो जडावल्या आवाजात म्हणाला. "लहानपणी तू माझ्या पाठीवरून फिरवायचीस ना, तस्सा."

माझा हात थांबला.

"थांबू नकोस ना गं."

"बाकीचे कुठेत?"

"झोपले."

"सुकाणूवर कोण आहे?"

"तोही झोपलाय. किती शांत वाटतंय..."

"अरे, ऊठ! ऊठ म्हणते ना, सोन्या!"

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

मी चिकट लाख फासली, कणांची डबी उपडी केली. कण पात्यावर ठरेनात. घसरून मांडीत पडत राहिले.

पितळ कोमट झालं होतं. माझ्या तळव्याखाली पातं सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं.