दहाच्या आत

“आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. लग्नात सरबतसुद्धा हुंगून प्यायलो. तरी लिव्हर म्हटलं, की माणसं आधी माझ्या नाकाचा शेंडा बघतात... लाल आहे का.”

हे गाऱ्हाणं कुणाला उद्देशून नव्हतं. पण ते उत्कर्षाच्या कानापासून वीतभर अंतरावर झालं, आणि नेमकी तिची नजर त्या म्हाताऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावरच होती. चोरी पकडली गेल्यावर तिनं ओढणी तोंडाशी धरली. पण खांदे हलायचे ते हललेच.

“बाबा, हळू,” पलीकडचा तरुण म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “माफ करा हं. सोनोग्राफीसाठी उपाशी आहेत. पोट रिकामं असलं की ते खरं बोलतात.”

“आणि जेवल्यावर?”

“जेवल्यावर टोमणे मारतात.”

पुण्यात डेक्कनवरच्या त्या लॅबमध्ये सकाळी साडेसातला कुणी हसत नसे. भिंतीला टेकून बसलेली माणसं आपापल्या टोकनकडे परीक्षेच्या पेपरासारखी बघत असत. त्यात हे दोघं हसले, म्हणून काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं. ओळख झाली ती अशी.

तो शुभंकर. कोथरूडला अकरावी-बारावीच्या फिजिक्सचे क्लास घ्यायचा. वडील सीतारामकाका, पोस्टातून निवृत्त. आधी साखर, मग लिव्हरवर चरबी, आणि चरबीनं हळूहळू लिव्हर कडक करून टाकलेलं. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त. रक्तात दोन गोष्टी बघायच्या. एक एएफपी, दुसरी पिव्का. पिव्का हे नाव काकांना बियाण्यांच्या पाकिटावरचं वाटे. लिव्हरमध्ये नको ते वाढायला लागलं, तर रक्तातला हा आकडा चढू शकतो. एएफपी दहाच्या आत आला, की माणूस पुढचे सहा महिने मोकळा.

‘नको ते.’ सगळे असंच म्हणत. रक्त काढणारी बाई ‘तसलं काही’ म्हणे, डॉक्टर ‘तसं’ म्हणत. खरा शब्द त्या अख्ख्या लॅबमध्ये कुणाच्या तोंडून निघत नसे. जणू तो उच्चारला, तर पत्ता विचारत घरी येईल.

उत्कर्षाच्या घरी तर तो शब्द तेरा वर्षांत आला नव्हता. हिपॅटायटिस बी तिला जन्मतः, आईकडून मिळालेला; म्हणून तिचीही दर सहा महिन्यांनी हीच सोनोग्राफी, हेच रक्त. ती सोळाची असताना आई गेली. कशानं? तर काविळीनं. नागपूरच्या ज्या दवाखान्यात आई तीन महिने होती, त्याच्या पाटीवर हातभर अक्षरांत तो शब्द होता. पण वडील, रंगराव, त्याला ‘मोठा दवाखाना’च म्हणत. उत्कर्षाला वाचता येत होतं. पण वाचणं वेगळं आणि बोलणं वेगळं. नोकरी खराडीत लागल्यावर तिनं वडिलांना वाशिमहून वाघोलीच्या फ्लॅटवर आणलं, आणि सामानाबरोबर ती कावीळही आली. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, आईला काय झालं होतं? रंगराव म्हणाले, कावीळ. उत्कर्षानं भिंतीवरचं कॅलेंडर नीट पाहून घेतलं.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येत. शुभंकरनं त्या पहिल्या दिवशी बोलता बोलता कबूल केलं, की वडिलांचा रिपोर्ट उघडायला त्याला दोन-दोन दिवस लागतात. अंगठा पुढेच जात नाही. उत्कर्षाचंही तेच होतं. मग तिनंच सुचवलं, की अदलाबदल करू या. काकांचा तिनं उघडायचा, तिचा त्यानं. परक्याचा आकडा बघायला भीती कसली?

संध्याकाळी तिनं कळवलं, काका साडेसहा. त्याचं उत्तर आलं, तुम्ही चार. माझ्या अर्ध्या वर्गाला चाचणीत इतकेही पडत नाहीत. ती नगर रोडवर, बसमध्ये, उभ्यानं हसली.

ऑगस्ट ते फेब्रुवारी हे हसणं फोनवरच राहिलं. नगर रोडचं ट्रॅफिक, त्याची कोरी वही देणारी पोरं, काकांचे टोमणे... फेब्रुवारीत पुन्हा लॅब, पुन्हा उपास. रक्त देऊन झाल्यावर काकांनी जाहीर केलं, की मला इथं पंख्याखाली बरं वाटतंय, तुम्ही पोहे खाऊन या. फेब्रुवारीत पंखा बंद होता.

टपरीवर तिच्या हातावरचा कापूस सुटला. त्यानं उचलून खिशात ठेवला. रस्त्यावर टाकायचा कसा, म्हणाला. तिनं झटकन तो परत मागून घेतला. रक्त लागलंय, हात धुवा. त्यानं धुतले, निमूटपणे. पण तिचे कान लाल झाले ते लाजेनं की रागानं, हे तिलाही कळेना. तिचा आकडा तेव्हा पाच आला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते त्याच संध्याकाळी.

मग दुसरा ऑगस्ट आला. काकांचा आकडा सात. तिनं लगेच कळवला आणि आपल्याची वाट बघत बसली. शुभंकरच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं अकरा मिनिटं दिसत राहिलं. अकरा मिनिटांनी दोन शब्द आले : ‘नेहमीसारखं. जेव.’

ती जेवली नाही. अकरा मिनिटांत कुणी दोनच शब्द लिहीत नाही.

सकाळी डॉक्टरांकडून फोन आला, येऊन भेटा म्हणून. आकडा अठ्ठेचाळीस होता, पिव्काही वर गेली होती. डॉक्टर शांतपणे समजावत होते, की लिव्हरला सूज असली तरी हा आकडा चढतो, नुसत्या रक्तावरून काही ठरत नाही. पण सोनोग्राफीत उजवीकडे दीड सेंटिमीटरचं काहीतरी दिसतंय, तेव्हा एमआरआय करून घेऊ. आताच तसं काही धरून चालू नका. तसं म्हणजे कसं, तिनं विचारलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. आधी एमआरआय होऊ दे, म्हणाले.

चार दिवस तिनं शुभंकरचा फोन घेतला नाही. ऑफिसात स्क्रीनवरच्या प्रत्येक यादीत तिला अठ्ठेचाळीस दिसे. हात आपोआप उजव्या बरगडीखाली जाई. दाबलं की दुखतंय असं वाटे, आणि दाबलंय म्हणून दुखतंय की आत काही आहे म्हणून, ते कळत नसे. आईसुद्धा असाच हात ठेवायची. घरी रंगराव काही विचारत नसत. फक्त तिच्या ताटात भाकरी उरली, की त्यांच्याही ताटात उरे.

रविवारी शुभंकर वाघोलीत उगवला. कोथरूडहून वाघोलीला रविवारी स्कूटरवरून येणं, यापरतं पुण्यात प्रेमाचं प्रमाण दुसरं मागू नये. पण उत्कर्षा त्या दिवशी काही मानायला तयार नव्हती. सोसायटीच्या बाकावर ती एका टोकाला बसली, तो दुसऱ्या. समोर पाण्याचा टँकर घरघरत होता.

“खोटं का लिहिलंस?”

“घाबरलो.”

“वा. मी घाबरते म्हणून तू वाचायचंस, असं ठरलं होतं. तूही घाबरणार असशील, तर मग मी एकटीच बरी होते.”

टँकरचा पाइप फेकल्यासारखा हिसका देऊन सुटला, पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं. त्यानं पाय उचलले नाहीत.

“परक्याचा आकडा म्हणून वाचायला घेतला होता,” तो हळूच म्हणाला. “पहिल्यांदा तो परक्याचा होता... आता नाही.”

ती आणखीच भांडायला लागली. तुला कल्पना तरी आहे का, मला काय आहे? आकडा सोड. माझं रक्त लागलं तर हात धुवायला लागतात. उद्या एका घरात राहायचं म्हटलं, तर...

ती थांबली. एका घरात राहण्याचं आजवर कुणीच काढलं नव्हतं.

शुभंकरनं शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेलं एक पिवळं कार्ड काढून बाकावर, दोघांच्या मधोमध ठेवलं. वर त्याचं नाव. खाली हिपॅटायटिस बी लस, तीन डोस, तीन तारखा. पहिला फेब्रुवारीत, पोह्यांनंतर तिसऱ्या दिवशी. दुसरा मार्चात. तिसरा कालचा.

“सहा महिने लागतात पूर्ण व्हायला,” तो म्हणाला. “तोवर विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. फिजिक्सवाला आहे, घाईनं होत नाही माझ्याच्यानं.”

उत्कर्षा कार्ड बघत राहिली. एखाद्या मुलीला गुलाब मिळतात, एखादीला अंगठी. तिला एक माणूस सहा महिने गुपचूप दंडावर सुया टोचून घेताना मिळाला होता. ती रडली, आणि टँकरवाला पाइप गुंडाळता गुंडाळता शुभंकरकडे रागानं बघून गेला.

एमआरआय गुरुवारी होता. सेंटरमध्ये चौघं एका रांगेत बसले. सीतारामकाकांना कुणी बोलावलं नव्हतं. घरी बसून काळजी करता येत नाही, टीव्ही मध्ये बोलतो, असं सांगून ते आले होते. ते एसीला नावं ठेवत होते. रंगराव नगर रोडच्या खड्ड्यांवर बोलत होते. खड्डे संपले की एसी, एसी संपला की खड्डे. उत्कर्षाच्या उजव्या हाताला सुई लावून पट्टी बांधलेली, म्हणून फॉर्म शुभंकर भरत होता; तिचा डावा हात त्याच्या हातात होता, आणि दोन्ही बापांनी ते न पाहण्याचं ठरवलं होतं.

नाव. वय. सोबत आलेली व्यक्ती. नातं... तिथं तो क्षणभर थबकला आणि त्यानं लिहिलं. उत्कर्षानं मान वाकडी करून वाचलं : ‘होणारा नवरा’.

“हे कधी ठरलं?”

“एकही रकाना रिकामा ठेवू नका, म्हणाल्या काउंटरवरच्या बाई.”

“विचारायची पद्धत असते.”

“विचारतोय की... पेनानं. खोडू?”

आतून यंत्राचा ठकठक आवाज येत होता. कुणीतरी आत होतं, मग तिची पाळी.

“राहू दे,” ती म्हणाली. “खाडाखोड वाईट दिसते.”

काका खोकले. खोकल्यात हसू मिसळलं की नाक खरंच लाल होतं, हे उत्कर्षानं पाहिलं, आणि तेवढ्यापुरती तिची भीती घोटभर उतरली.

शुभंकर पुढच्या रकान्यावर आला. घरात पूर्वी कुणाला काय आजार. त्यानं सहज विचारलं, आईंना काय होतं?

एसीबद्दल कुणी बोललं नाही. खड्ड्यांबद्दलही नाही. उत्कर्षाचं तोंड सवयीनं उघडलं, ‘का...’पर्यंत आलं, आणि पेन कागदावर टेकलं.

रंगरावांनी त्या पेनावर हात ठेवला. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू धरलेला हात होता तो. पुण्यात आल्यापासून ते जपून, पुस्तकातलं मराठी बोलत. ते या घडीला त्यांच्याकडून सुटलं.

“थांब, बापा. वरचं खोडायचं असन तं आताच खोड, मी काही म्हनत नाही.”

शुभंकरनं उत्कर्षाचा हात सोडला नाही. तिला रंगरावांचा श्वास ऐकू येत होता, तेरा वर्षं धरून ठेवलेला.

“हिच्या मायले कावीळ नव्हती. कॅन्सर होता. लिव्हरचा कॅन्सर.”